एकविसावे झाड

एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारे वृक्षवैद्य राहत होते. माणसांचे वैद्य प्रत्येक गावात एकदोन असतातच. हे झाडांचे वैद्य. कुणाच्या फणसाला ढोली पडली, कुणाच्या चिंचेला भुंगा लागला, की लोक त्यांना न्यायला येत. ते झाडापाशी बराच वेळ बसत, थोडे बोलत आणि त्याहून थोडे करत. झाडे मात्र बहुधा वाचत. त्यामुळे त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्यांची रीघ असे, आणि ते वर्षाला एकच शिष्य घेत.

प्रवेशाची रीत ठरलेली होती. येणाऱ्याच्या हाती ते एक कोरी वही आणि अक्षतांची एक पुरचुंडी ठेवत आणि विषय सांगत, "झाड स्वतःचा बचाव कसा करते, ते शोध आणि लिहून आण. मुदत एक महिना." कुणाला विचारावे, कोणती पोथी पाहावी, यावर बंधन नव्हते. अटी दोनच होत्या. झाडाची साल, पान, चीक, जे काही घ्यायचे असेल त्यासाठी आदल्या संध्याकाळी त्याच्या मुळाशी चार अक्षता ठेवायच्या आणि उद्या काय घेणार, कशासाठी घेणार, हे त्या झाडाला सांगायचे. साल घ्यायची ती उभी आणि बोटभरच रुंद. जुन्या वैद्यांची ही चाल. झाडाला ऐकू येते का, असे कुणी हसून विचारले की म्हातारे म्हणत, "ते मला माहीत नाही. पण सांगायला बसल्यावर निम्म्या वेळा माणूसच विचार बदलतो, एवढे मी पाहिले आहे."

एका वर्षी भाद्रपदात एक तरुण त्यांच्याकडे आला. तो दुसऱ्यांदा आला होता. त्याच्या गावची आमराई कसल्याशा रोगाने झडत चालली होती. दोन वर्षांत अर्धी झाडे वाळून गेली होती, आणि उरलेली वाचवायला कुणीतरी ही विद्या शिकून यावे म्हणून गावाने त्याला निवडले होते. मागच्या वर्षी त्याने लिहून आणलेला लेख म्हाताऱ्यांनी चार पाने वाचून परत दिला होता. "हे तुला पाठ आहे, ठाऊक नाही," एवढेच ते म्हणाले होते. यंदा गावाने पुन्हा नारळ देऊन त्याची पाठवणी केली. नारळ देण्याचा दुसरा अर्थ त्याला वाटभर आठवत राहिला. यंदाही रिकाम्या हातांनी परतलो तर तिसरी पाठवणी होणार नाही, आणि आमराईही तोवर थांबणार नाही, हे त्याला स्पष्ट दिसत होते.

या खेपेला त्याने पोथ्यांना हात लावला नाही. तो रानात गेला, सुतारांशी बोलला, डिंक गोळा करणाऱ्यांच्या मागे फिरला. सगळ्यांत जास्त शिकला तो ठकूबाईकडून. ठकूबाई शेळ्या राखायची. चढावर वाटेकडेला एक आंबा होता, दुपारी ती त्याच्या सावलीत बसायची. बाभळीला खालच्या फांद्यांवर लांब काटे आणि शेंड्याकडे कमी, हे तरुणाने पाहिले होते, पण कारण त्याला उमगत नव्हते. त्याने तिला विचारले.

ती म्हणाली, "आरं, काटा काय देवानं हौसंनं दिलाय व्हय? शेळीचं त्वांड जिथवर पोचतंय तिथवर काटं. त्येच्या वर कशाला काढंल झाड? वर काय उंट येत्यात?"

त्याने ते तसेच्या तसे वहीत उतरवले. मग वही भरत गेली. काटेसावरीचा तरणा बुंधा काट्यांनी भरलेला असतो आणि जाडजूड झाल्यावर ती काटे टाकून देते. धावड्याला घाव बसला की तो डिंक सोडतो आणि जखम भरून येते. बिब्ब्याचे तेल लागले की कातडी भाजते. कुसुंबाची कोवळी पालवी लालभडक असते, हिरव्यावर टपलेल्या किड्याला ती खाण्यासारखी वाटत नाही. एका झाडावर तर लाल मुंग्यांनी पाने शिवून घरटी केली होती. तरुणाने फांदीला हात लावताच त्या मनगटावर चढल्या, आणि या झाडाचा बचाव कोण करते हे त्याला वेगळे शोधावे लागले नाही. प्रत्येक झाडाला त्याने आदल्या संध्याकाळी अक्षता ठेवल्या, सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी बोटभर साल घेतली. चोवीस दिवसांत वीस झाडे झाली. लेख उत्तम होता, आणि तो उत्तम आहे हे त्यालाही कळत होते. गोष्ट बिघडली ती इथेच.

त्याला वाटले, शेवटचे पान असे हवे की म्हाताऱ्यांनी वही मिटूच नये. लहान घावाला झाड लहान उत्तर देते, हे आपण वीसदा पाहिले. मग सगळ्यांत मोठा घाव दिला तर सगळ्यांत मोठा बचाव दिसेल. हा विचार केवळ अभ्यासू माणसालाच सुचू शकतो. लाकूडतोड्याला सुचणार नाही, कारण त्याला उत्तर आधीच माहीत असते. पंचविसाव्या दिवशी सकाळी तरुणाने चढावरच्या त्या आंब्याची, मांडीएवढ्या बुंध्याची, साल चार बोटे रुंद अशी चहूबाजूंनी गोल काढून टाकली. मग तो समोर वही उघडून बसला.

काहीच झाले नाही. कडेला थोडा चीक आला आणि थांबला. दुपार झाली. पाने हिरवीगार होती, वाऱ्यावर हलत होती. उघडे पडलेले पांढरे लाकूड मात्र सुकत चालले होते, आणि कुठून तरी धाव घेऊन कोणी ते झाकायला येत नव्हते. तेव्हा त्याने तो पट्टा सगळीकडून फिरून पाहिला. बोटभर घावाला दोन्ही बाजूंनी साल सरकत येऊन मिळते. इथे बाजू उरल्याच नव्हत्या.

तेवढ्यात खालून शेळ्यांच्या घंटा ऐकू आल्या. त्याने घाईघाईने ओढ्याकाठची ओली माती आणून त्या उघड्या पट्ट्यावर थापली आणि वरून रानवेल गुंडाळली. ठकूबाई येऊन टेकली आणि तिने विचारले, "आज माज्या आंब्याला पट्टी कसली रं?"

"मुंग्या चढू नयेत म्हणून, आजी."

"लई गुणाचं पोर," ती म्हणाली आणि कनवटीचे मूठभर भाजके शेंगदाणे तिने त्याच्या हातावर ठेवले. त्याने ते खाल्ले. त्या शेंगदाण्यांची चव आपल्याला म्हातारपणीही आठवते, असे तो पुढे सांगत असे.

लेखात त्याने वीसच झाडे लिहिली. उरलेले दिवस त्याने अक्षर सुधारून घेण्यात घालवले, आणि मुदत संपली त्या सकाळी वही म्हाताऱ्यांच्या पुढे ठेवली.

म्हाताऱ्यांनी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. शेळी आणि उंट आले तिथे ते हसले. मग वही मिटून म्हणाले, "चांगले आहे. तुझे स्वतःचे आहे. आता एक कर, पडवीत तो ओंडका पडला आहे, तेवढा फोडून दे."

तरुण बुचकळ्यात पडला. प्रवेश मिळाला की नाही ते सांगायचे सोडून हे सरपण कसले? पण त्याने कुऱ्हाड घेतली. ओंडका सरळ होता, साल स्वच्छ होती, कुठे गाठ दिसत नव्हती. त्याने ताकदीने घाव घातला आणि खणकन आवाज झाला. कुऱ्हाडीचे पाते दातरले होते. ओंडका अर्धवट उकलला होता आणि आत, मधोमध, वीतभर लांबीचा गंजलेला खिळा होता. त्याच्याभोवतीचे लाकूड काळे पडून कुजले होते.

म्हाताऱ्यांनी विचारले, "बाहेरून काही दिसत होते?"

"नाही."

"हे झाड जत्रेच्या वाटेवर होते. कंदील टांगायला कुणीतरी कधीकाळी हा खिळा ठोकला. तू लिहिले आहेस की डिंकाने झाडाची जखम भरून येते. एवढेच तुझ्या लेखात चुकले आहे. जखम माणसाची भरते. झाडाचे गेलेले लाकूड परत येत नाही. ते जखमेभोवती भिंत घालते, वरून नवे लाकूड चढवते आणि ती जखम तशीच आत ठेवून वर्षानुवर्षे उभे राहते. वरून गुळगुळीत. वादळात मोडते तेव्हा बहुधा तिथेच मोडते. झाडाला मी दोष देत नाही. त्याला पाय नाहीत की वैद्याकडे जावे, तोंड नाही की कुणाला सांगावे. झाकणे एवढाच त्याच्या हाती बचाव आहे. ज्याला तोंड आहे, त्याने हा बचाव झाडाकडून उसना घेऊ नये."

एवढे बोलून ते पाणी प्यायला आत गेले. तरुण पडवीत कुऱ्हाड हातात घेऊन उभा राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे गाव होते, वेशीपर्यंत सोडायला आलेली माणसे होती. सांगितले तर सगळे संपत होते, आणि न सांगितले तर कुणालाच काही कळणार नव्हते. आंबा उद्यापरवा थोडाच वाळणार होता? तो वाळेपर्यंत प्रवेश मिळून महिने लोटले असते. हे सगळे त्याने मनात मांडून पाहिले. मग म्हातारे बाहेर आले तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, झाडे वीस नाहीत. एकवीस आहेत."

"कोणते राहिले?"

"चढावरचा आंबा. ठकूआजी बसते तो. मी त्याची साल गोल काढली. पूर्ण."

म्हाताऱ्यांनी तांब्या खाली ठेवला. "अक्षता?"

"संपल्या होत्या," तो म्हणाला. मग मान खाली घालून पुन्हा बोलला, "संपल्या नव्हत्या. ठेवल्या असत्या तर झाडाला काय सांगायचे, ते सुचेना."

म्हातारे रागावले. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टींतले म्हातारे कधी रागवत नाहीत आणि वाचणाऱ्यांना त्याची सवय झालेली असते. हे रागावले. "लिहिण्यासाठी झाड मारलेस," ते म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि विचारले, "किती दिवस झाले?"

"आज सहावा."

"उघडे आहे?"

"लगेच ओली माती लावली होती."

"ते बरे केलेस."

"लपवण्यासाठी लावली होती, गुरुजी."

"झाडाला हेतू कळत नाही. मला कळतो. सुरी घे, मेण घे, बांधायला परसातल्या केळीचे सोपट काढून घे आणि चल."

चढावर ठकूबाई आलेलीच होती. म्हाताऱ्यांनी तिला काही सांगितले नाही. ते आंब्यापाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी तरुणाकडे पाहिले. तरुणाने वेल सोडली, माती काढली आणि ठकूबाईसमोर तो पांढरा पट्टा उघडा केला. "आजी, मुंग्यांसाठी नव्हते. मी खोटे बोललो. साल मी काढली, काय होते ते बघायला."

ठकूबाई उठून जवळ आली. तिने त्या पट्ट्यावरून बोट फिरवले, सगळीकडून. "बारा वर्सं झाली," ती म्हणाली. "हितंच बसून आंबा चोखला, कोय टाकली, तिचा ह्यो झाला. पानी न्हाय घातलं कदी, पर येका शेळीला त्वांड लावू दिलं न्हाय. आन् तू शिकल्याला मानूस." मग ती त्याच्याकडे वळली. "साल काडायची व्हती तर तुज्या बापाच्या आमराईतली काडायची व्हतीस."

तो रडला, आणि तिने त्याला रडू दिले.

"वैद्यबुवा, जगंल का?" तिने विचारले.

"सांगता येत नाही. पानांनी शिजवलेले अन्न सालीतून मुळांकडे उतरते. ती वाट तुटली आहे. मुळे सध्या साठवणीवर जगताहेत. ती संपली की झाड संपले. त्याआधी पूल बांधून पाहू."

ते काम तरुणाने त्याआधी पाहिले नव्हते. म्हाताऱ्यांनी त्याला शेंड्यावर चढवले आणि आंब्याच्याच करंगळीएवढ्या सात डहाळ्या काढायला लावल्या. कोणते टोक वरचे, याची खूण प्रत्येकीवर करून घेतली. "उलटी लावलीस तर व्यर्थ. अन्नाला उतरायची दिशा असते." मग पट्ट्याच्या वर आणि खाली सालीला चिरा देऊन, डहाळीची दोन्ही टोके तिरपी तासून, एक टोक वरच्या सालीखाली आणि दुसरे खालच्या सालीखाली सरकवायचे. पहिल्या दोन म्हाताऱ्यांनी बसवल्या. उरलेल्या पाच त्याच्याकडून बसवून घेतल्या. सोपटाने आवळून बांधल्या, सांध्यांवर मेण लावले, मधल्या उघड्या लाकडावर पुन्हा माती थापली. बुंध्याभोवती सात बारीक पाय फुटल्यासारखे दिसू लागले.

"आता?" तरुणाने विचारले.

"आता काही नाही. लेख अपुरा आहे. तो पुरा झाला की प्रवेशाचे बघू."

तरुण तिथेच राहिला. त्याने आंब्याभोवती काट्यांचे कुंपण घातले आणि रोज सकाळी जाऊन तो माती ओली करत असे. गावाकडून निरोप आला, प्रवेश मिळाला का? त्याने खरे तेच कळवले, की एक झाड मारायला निघालो होतो, ते जगते का ते पाहतो आहे. गावाला ते कसे वाटले असेल याची कल्पना आपणही करू शकतो. ठकूबाई पहिले आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिने विचारले, "जेवलास का?" आणि मग नेहमीसारखी बोलू लागली.

कार्तिकात सातांपैकी दोन डहाळ्या काळ्या पडून वाळल्या. त्या दोन्ही त्यानेच बसवलेल्या होत्या. पाच मात्र तशाच राहिल्या, आणि पौषात पाहिले तर त्या जाड झाल्या होत्या. फाल्गुनात आंब्याला तांबूस पालवी आली. ती सगळ्या शेंड्यांवर आली तेव्हा म्हाताऱ्यांनी खाली बसून, मोठ्या मुळाजवळची माती बाजूला करून तिथली तंतूसारखी नवी मुळे बोटाने दाखवली आणि वही आणायला सांगितली.

तरुणाने वीस झाडांनंतर लिहिले: "एकविसावे झाड, आंबा. साल मी चहूबाजूंनी काढली. या घावावर झाडापाशी बचाव नाही. पाच दिवस मी हे लपवले, सहाव्या दिवशी सांगितले. गुरुजींनी दोन डहाळ्या लावल्या, मी पाच. पाच जगल्या, त्यांतल्या तीन माझ्या."

म्हाताऱ्यांनी ते उभ्याउभ्या वाचले आणि वही स्वतःच्या झोळीत टाकली. "उद्या सकाळी लवकर ये. एका फणसाकडे जायचे आहे," ते म्हणाले.

चालू लागल्यावर तरुणाने, आता शिष्याने, त्यांना विचारले, "गुरुजी, तुम्हाला त्या दिवशी संशय आला होता ना? म्हणून तो ओंडका दिलात?"

"मला काहीही माहीत नव्हते. जत्रेच्या वाटेवरची झाडे पडली की असे ओंडके मी आणून ठेवतो. फोडायला सगळ्यांनाच देतो."

मग शिष्याने मनातले विचारले. "आणि मी सहाव्या दिवसाऐवजी साठाव्या दिवशी सांगितले असते, तर?"

"तुला प्रवेश तेव्हाही दिला असता," म्हातारे म्हणाले. "आंब्याला मात्र मी काही देऊ शकलो नसतो."

पुढे शिष्य शिकून आपल्या गावी गेला. आमराई सगळी वाचली नाही, पण बरीच वाचली. झाड दाखवायला कुणी आले, की रोग कोणता हे विचारण्याआधी तो विचारत असे, "हे तुमच्या लक्षात येऊन किती दिवस झाले?" बरेच जण उत्तर देताना इकडेतिकडे पाहत. तो त्यांना वेळ देत असे.

चढावरचा आंबा पुष्कळ वर्षे जगला. त्या पाच डहाळ्या फुगून मनगटाएवढ्या झाल्या, आणि नवख्या माणसाला ते झाड पाच पायांवर उभे असल्यासारखे दिसे. वाटसरू थांबून विचारत, हे असे कशाने झाले. ठकूबाई शेळ्यांवरची नजर न काढता सांगत असे, "येका पोरानं क्येलंय. साल बी त्येनंच काडली आन् पाय बी त्येनंच लावलं." एकदा शिष्य वर्षाकाठी भेटीला आला असताना कुणीतरी असेच विचारले. तो शेजारीच बसला होता. तिने नेहमीचे उत्तर दिले, दोन्ही अर्धी, एकही न गाळता. वाटसरूने हसून विचारले, "कोण होता हो तो?"

"मीच," शिष्य म्हणाला आणि थोडा सरकून त्याने वाटसरूला सावलीत जागा करून दिली.